यातून बोध काय?

एका लहान मुलाच्या पाठीवर चिठ्ठी लावलेली आहे. ‘याचं पोट बिघडलंय. कृपया काही खायला देऊ नका.’ मुलगा असेल सहा-सात वर्षांचा. पाठीवर ही जाहीर सूचना घेऊन तो वस्तीतल्या पोरांमध्ये हिंडतो. आईची काळजी खरी, पोराचा हावरटपणाही खरा, आणि दोघांमधला तह असा पाठीवर डकवलेला. एकही शब्द कानावर न पडता एवढं सगळं आपल्याला कळतं.

हा प्रसंग यासुजिरो ओझूच्या १९३२ सालच्या जपानी मूकपटातला आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘जन्माला तर आलो, पण...’. शोचिकू कंपनीच्या कामाता स्टुडिओत तो तयार झाला आणि ‘किनेमा जुंपो’ या जपानमधल्या मान्यवर सिनेनियतकालिकाने त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा चित्रपट म्हणून त्याला निवडलं. दोन व्रात्य भाऊ, त्यांच्या गल्लीतली टोळी आणि साहेबापुढे वाकणारा बाप, एवढीच माणसं आणि सुमारे दीड तासाचा खेळ. मुलांवर याहून चांगला चित्रपट मी पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना दाखवावा असं मनात आलं. प्रोजेक्टर माझा, शनिवारची सकाळ, शाळेला एका पैशाचा खर्च नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि मग विचारलं, “मुलं यात शाळा बुडवतात. खोटे मार्क लिहून घेतात. वडिलांना उलट उत्तरं देतात. यातून बोध काय?” मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. कार्यक्रम झाला नाही.

बाई काही वाईट नव्हत्या. उद्या एखादा पालक फोन करून भांडला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो त्या एकट्या बाईंचा नाही. मुलांच्या नाटकाच्या स्पर्धेत परीक्षक तो विचारतात, गोष्टींच्या पुस्तकांची खरेदी करणारे विचारतात, वाढदिवसाला पुस्तक भेट देणारे मामा-काका विचारतात. मुलांसमोर ठेवायची कुठलीही कलाकृती आपण आधी या वजनकाट्यावर ठेवतो. मला असं वाटतं की हा काटाच खोटा आहे. मुलांच्या सिनेमात पहिल्यांदा खोडी हवी. खोडी हा मुलाचा युक्तिवाद असतो. त्याच्याकडे पैसा नाही, मतदानाचा हक्क नाही, घरातला निर्णय त्याच्या हातात नाही. मोठ्यांचं जग तपासून पाहायला त्याच्याजवळ तेवढं एकच हत्यार आहे, आणि शाळेच्या वेळात, सरकारच्या पैशात, वाचनालयाच्या सभागृहात त्याला जागा मिळायला हवी.

ओझूच्या चित्रपटात हे हत्यार कसं चालतं ते पाहू.

योशी नावाचा कारकून बायको आणि दोन मुलांना घेऊन टोकियोच्या उपनगरात राहायला येतो. सामानाच्या ट्रकचं चाक चिखलात रुतलेलं आहे, तिथून चित्रपट सुरू होतो. घर घेतलंय ते मुद्दाम साहेबाच्या घराजवळ. मुलांना मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे गल्लीतला दांडगा पोरगा आणि त्याची टोळी. मार खायच्या भीतीने रियोइची आणि केइजी शाळा बुडवतात, माळावर बसून डबा खातात, आणि साके पोचवणाऱ्या पोऱ्याला पकडून त्याच्याकडून मास्तरांच्या नावाने चांगला शेरा लिहून घेतात. चिमणीची कच्ची अंडी खाल्ली की अंगात ताकद येते, अशी त्या वस्तीतल्या पोरांची पक्की समजूत आहे. तीही खाऊन होतात.

मग तोच पोऱ्या दांडग्याला सरळ करतो आणि भावांचं राज्य सुरू होतं. या राज्याचा एक खेळ आहे. ज्याचा वचक त्याने दोन बोटं रोखायची, की समोरच्याने जमिनीवर आडवं व्हायचं. हाताची दुसरी खूण होईपर्यंत उठायचं नाही. साहेबाचा मुलगा तारो चांगल्या कपड्यांत, इस्त्री केलेल्या शर्टात धुळीत आडवा होतो. इथे ओझूने एक छोटी गोष्ट घातली आहे, जी मला दर वेळी थांबवते. भाऊ त्या पोऱ्याला म्हणतात, आता या तारोलाही चोप दे. पोऱ्या नाही म्हणतो. तारोच्या घरचं गिऱ्हाईक मोठं आहे आणि तुमचे वडील तेवढा माल घेत नाहीत. दोन वाक्यांत सगळा बाजार समजावून सांगितला, तोही दारू पोचवणाऱ्या एका पोरसवदा नोकराने. भावांना तो अजून समजत नाही. प्रेक्षकातल्या मुलांना मात्र इथेच काहीतरी खटकायला लागतं.

मग तो संध्याकाळचा प्रसंग येतो. साहेबाला घरच्या घरी फिल्म काढायचा नाद आहे. घरात पडदा लावून तो सगळ्यांना आपली फिल्म दाखवतो. प्राणिसंग्रहालय, सिंह, झेब्रा. झेब्रा काळा आणि पट्टे पांढरे, की झेब्रा पांढरा आणि पट्टे काळे, यावर पोरं भांडतात. आणि मग पडद्यावर त्यांचे वडील येतात. घरी कडक, गंभीर, ‘अभ्यास करा, मोठे व्हा’ म्हणणारे वडील साहेबाच्या कॅमेऱ्यापुढे डोळे फिरवतायत, तोंड वेंगाडतायत, माकडचेष्टा करतायत. खोलीतली मोठी माणसं खदखदून हसतात. तारो हसतो. दोघा भावांचे चेहरे आधी गोंधळलेले असतात, मग उतरतात. ते उठून निघून जातात.

घरी गेल्यावर मुलं बापाला जे विचारतात ते कुठल्याही अर्थशास्त्राच्या वर्गात विचारण्यासारखं आहे. तारोच्या वडिलांना एवढं वाकून नमस्कार का करायचा? कारण ते पगार देतात. मग पगार घेऊ नका. पगार घेतला नाही तर तुम्ही खाणार काय? रियोइची म्हणतो, मी तारोपेक्षा अंगाने दांडगा आहे, अभ्यासात पुढे आहे. मोठा झाल्यावर मलाही त्याच्याच हाताखाली काम करावं लागणार असेल तर शाळेत कशाला जायचं? बापाजवळ उत्तर नाही. तो चिडतो आणि थोरल्याला बदडतो. पोरं उपोषणाला बसतात. खायला घालणं हाच जर वाकण्याचा आधार असेल तर आम्ही खातच नाही. यात खोडी कुठे संपली आणि तर्क कुठे सुरू झाला, हे कुणालाही दाखवता येणार नाही.

रात्री मुलं झोपल्यावर बाप दारूचा पेला हातात घेऊन बसतो आणि बायकोजवळ कबूल करतो की मलाही हे आवडत नाही. यांनाही आपल्यासारखंच जगावं लागेल का? मग तो झोपलेल्या मुलांजवळ जाऊन त्यांच्याकडे पाहत बसतो. ओझू इथे कॅमेरा कुठेही पळवत नाही, आणि ‘विनोदी’ म्हणून सुरू झालेल्या चित्रपटात हा प्रसंग आला म्हणून आपल्याला फसवल्यासारखंही वाटत नाही.

शाळेने नाही म्हटल्यावर मी हा चित्रपट आमच्या इमारतीच्या गच्चीवर दाखवला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पांढरी चादर बांधली, सतरंज्या टाकल्या, एकवीस मुलं आणि सात-आठ पालक आले. पडद्यावर येणाऱ्या पाट्यांचा मी आधीच मराठी तर्जुमा करून ठेवला होता आणि तो वाचून दाखवत होतो. जपानमध्ये मूकपटाच्या काळात ही कामगिरी करणारी माणसं असत. त्यांना बेन्शी म्हणत. पडद्याशेजारी उभं राहून ते सगळ्या पात्रांचे आवाज काढत, गोष्ट सांगत, आणि लोक नटांइतकेच बेन्शींच्या नावावर तिकीट काढत. जपानमध्ये मूकपट १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले, त्याचं एक कारण हे बेन्शी होते. खुद्द ओझूने पहिला बोलपट केला तो १९३६ साली. आपल्याकडेही पेटी-तबल्यावर आणि सांगणाऱ्याच्या आवाजावर मूकपट चालत. कीर्तन ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला त्यात काही नवल वाटलं नसणार.

पहिली दहा मिनिटं चुळबुळ झाली. ‘आवाज कधी येणार?’ असं दोघांनी विचारलं. साधारण विसाव्या मिनिटाला माझी गरज संपली. मुलं पाट्यांची वाट न पाहता स्वतःच बोलायला लागली. “पळ, पळ, तो मागे आलाय!” “अरे सांग ना मास्तरांना!” चौथीतल्या एका मुलीने केइजीचा आवाजच ताब्यात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. चिमणीच्या अंड्याला सगळ्यांनी ‘शी’ केलं. आवाज नसल्यामुळे पडद्यावरचं अर्धं काम मुलांच्या वाट्याला आलं होतं, आणि ते त्यांनी केलं. मूकपट मुलांना कंटाळवाणे वाटतील या भीतीवर त्या रात्रीनंतर माझा विश्वास उरलेला नाही. ज्या शाळांत घरी भिल्ली, गोंडी, कोरकू बोलणारी मुलं प्रमाण मराठीच्या पहिल्या पानावर अडखळतात, तिथे तर मूकपटासारखं सोयीचं दुसरं काही नाही. हसायच्या आधी कुणाची भाषा यावी लागत नाही.

साहेबाच्या घरच्या फिल्मचा प्रसंग आला तेव्हा मुलं आधी खूप हसली. बाप तोंड वेंगाडतो ते खरंच मजेशीर आहे. मग भावांचे चेहरे पडद्यावर आले आणि गच्चीवरचं हसू टप्प्याटप्प्याने बंद झालं, जसं कुणी एकेक दिवा मालवत जावा. माझ्यापुढे बसलेल्या एका मुलाने मान वळवून मागे आपल्या वडिलांकडे पाहिलं. चित्रपट संपल्यावर चपला घालताना त्याने विचारलेलं मी ऐकलं, “पप्पा, तुम्ही पण असं करता का ऑफिसात?” वडील क्षणभर थांबले. म्हणाले, “करतो. कधी कधी.” मुलगा “बरं” म्हणाला आणि दोघं जिना उतरले.

त्या बाप-लेकात हे बोलणं एरवी कधी झालं असतं? आणि झालं असतं तर कसं? आपल्या घरांत बापाच्या नोकरीबद्दल मुलांना दोनच गोष्टी माहीत असतात, कंपनीचं नाव आणि घरी यायची वेळ. साहेब, अपमान, गिळलेला राग हे सगळं आपण दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत येतो. मुलांना ते दिसत नाही असं आपण समजतो. त्यांना ते दिसतं. सोसायटीच्या चेअरमनशी बोलताना बापाचा आवाज कसा बदलतो आणि वॉचमनशी बोलताना कसा, हे सात वर्षांच्या मुलाला नेमकं माहीत असतं. ते विचारायला त्याच्याजवळ वाट नसते, एवढंच. ओझूने ती वाट करून दिली.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते फालतू नाहीत.

पहिला असा की शेवटी मुलं हरतात. सकाळी आई भाताचे गोळे आणून ठेवते, पोटातली भूक जिंकते, बाप शेजारी येऊन बसतो आणि तिघं मिळून खातात. शाळेच्या वाटेवर रेल्वे फाटकाशी साहेबाची मोटार उभी दिसते. बाप घुटमळतो. तेव्हा मुलंच त्याला म्हणतात, जा, नमस्कार करा. तो जातो, वाकतो. म्हणजे अखेर शिकवण काय, तर वाकायला शिका? मला हे वाचन पटत नाही. आदल्या दिवशीपर्यंत बाप मुलांच्या नकळत वाकत होता, आता त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या परवानगीने वाकतो. घरातलं खोटं संपलेलं आहे. व्यवस्था जागच्या जागी आहे, तिचं झाकण मात्र निघालंय. दीड तासाच्या चित्रपटाकडून आणि दोन शाळकरी पोरांकडून आणखी काय मागायचं? त्याच सकाळी बाप विचारतो, मोठेपणी काय होणार? धाकटा म्हणतो, लेफ्टनंट जनरल. जनरल का नाही? तर ते दादा होणार आहे म्हणून. आपण हसतो आणि मग साल आठवतं. १९३२ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९४२ साली वीस वर्षांचा झालेला असणार. ओझूला पुढचं माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे, आणि वरच्या वर्गातल्या मुलांशी त्यावर बोलता येतं.

दुसरा आक्षेप, हा चित्रपट मुळात मुलांसाठी नाहीच. खरं आहे. त्याच्या मूळ नावाच्या आधीच ‘मोठ्यांसाठी चित्रांचं पुस्तक’ अशी ओळ आहे. म्हणूनच तो मुलांनी मोठ्यांच्या शेजारी बसून पाहायचा आहे, मोठ्यांनी मुलांना सोडून बाहेर चहा प्यायला जायचं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोठा. मुलं अनुकरण करतील. शाळा बुडवतील, खोटे शेरे लिहून घेतील. गच्चीवरच्या खेळानंतर आमच्या पार्किंगमध्ये दोन बोटं रोखायचा खेळ महिनाभर चालला, हे मी मान्य करतो. बरीच मुलं बऱ्याच वेळा आडवी झाली आणि आयांना कपडे धुवावे लागले. पण शाळा बुडवण्याची कल्पना मुलांना पडद्यावरून मिळते असं मानणाऱ्याने आपलं बालपण एकदा आठवून पाहावं. रियोइची-केइजी शाळा का बुडवतात? मार बसतो म्हणून. दादागिरीला घाबरून शाळेच्या वाटेवरूनच परत फिरणारी मुलं आपल्या प्रत्येक शाळेत आहेत, आणि त्यांच्याशी हा विषय काढायला माझ्या पाहण्यात याहून बरं निमित्त नाही.

एक गोष्ट मात्र मी हातची सोडणार नाही. जुनं म्हणून सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत हॅल रोचने १९२२ पासून खोडकर मुलांच्या टोळीची छोट्या विनोदपटांची मालिका काढली. गोरी आणि काळी मुलं एकत्र खेळताना त्या काळी पडद्यावर दिसली हे मोठंच होतं. पण त्यातले कितीतरी विनोद काळ्या मुलाच्या रंगावर, त्याच्या भित्रेपणावर बेतलेले आहेत. ते निवडल्याशिवाय मी मुलांपुढे ठेवणार नाही. खोडी वरच्याची काढायची असते. खालच्याची काढली तर तो छळ होतो, आणि हा फरक मुलांना आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर कळतो. ओझूच्या चित्रपटात बाप मुलाला मारतो, तिथेही मी गच्चीवर चित्र थांबवलं होतं आणि मुलांना बोलू दिलं होतं.

आणि कुणी म्हणेल, जपानचं कशाला? आपलं काय आहे? आपलं आहे, आणि ओझूच्या तेरा वर्षं आधीचं आहे.

दादासाहेब फाळके आपल्या शाळांमध्ये एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर होऊन राहिलेत. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक कोण? पहिला चित्रपट कोणता, कोणत्या साली? १९१३ लिहायचं आणि पुढे जायचं. त्यांनी काढलेल्या चित्रपटाचं एक तरी दृश्य पाहिलेली मुलं मी शोधतो आहे, मला अजून सापडलेली नाहीत. १९१९ साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतर्फे त्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. बाळकृष्णाचं काम केलं त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, वय वर्षं सात. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके कृष्णाला बाजूला ठेवून आधी या मुलीचा चेहरा दाखवतात. ती हसते, चिडते, रुसते, दचकते. फाळक्यांना या पोरीच्या चेहऱ्याचा केवढा अभिमान असेल, हे त्या काही क्षणांत दिसतं. देव नंतर, आधी मूल.

मग खोड्या सुरू होतात. एक बाई कृष्णाच्या सवंगड्याच्या अंगावर पाणी उडवून त्याचा अपमान करते, तर पोरं तिच्या घरातल्या लोण्यावर हात मारून बदला घेतात. रात्री कृष्ण एका धनवान व्यापाऱ्याच्या शेजघरात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. कालियाशी झुंज येते ती या सगळ्यानंतर. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य घालवलं म्हणून ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आपल्याला पाहायला मिळतो. पाऊण तासाच्या आसपासचा आहे. इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतो. एका तासिकेत मावतो.

फाळक्यांनी ही खोडी कुठून आणली? ती आपल्या घरातली होती. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं, त्यात पेंद्या असतो, शिंकं असतं, चोरलेलं लोणी सगळ्यांत वाटून खाल्लेलं असतं, आणि तक्रार घेऊन आलेल्या गवळणी असतात. नाथांच्या गवळणींत तर तक्रार आणि कौतुक वेगळं काढताच येत नाही. या महाराष्ट्रात शेकडो वर्षं देवळाच्या सभामंडपात चोरीची गोष्ट सांगितली गेली, पुढे बसलेल्या मुलांच्या हातावर दहीपोह्यांचा काला ठेवला गेला, आणि कुणी बुवांना विचारलं नाही की पोरं याने चोर होतील त्याचं काय. त्या लोकांना माहीत होतं की घरचं दूध-लोणी मथुरेच्या बाजारात जात असेल आणि गोकुळातली पोरं ताकावर राहत असतील, तर त्या चोरीत काहीतरी न्याय आहे. ही समज आपल्याकडे होती. ती शाळेच्या फाटकाशी का थांबते?

मला वाटतं, मूल हा प्रकल्प झाल्यापासून ती थांबली. टीव्हीच्या स्पर्धांमध्ये आठ वर्षांची मुलगी मोठ्यांसारखा पोशाख करून मोठ्यांच्या गाण्यावर मोठ्यांसारखी नाचते, परीक्षक डोळे पुसतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तेच मूल मुलासारखं वागून बापाला एक प्रश्न विचारतं तेव्हा आपल्याला संस्कारांची काळजी लागते. मराठीत अधूनमधून कुणीतरी मुलांवर विश्वास टाकतं. २०१४ च्या ‘एलिझाबेथ एकादशी’मध्ये पंढरपूरची मुलं आईला न सांगता वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात, कारण सायकल वाचवायची आहे. तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. पण असा एक चित्रपट आला की पुढची कितीतरी वर्षं आपण त्याचंच नाव घेत बसतो.

मुलांच्या चित्रपटांसाठी केंद्र सरकारची वेगळी संस्था होती. १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या कामात त्रुटी होत्या, तिचे कितीतरी चित्रपट मुलांपर्यंत पोचलेच नाहीत. तरी फक्त मुलांचा विचार करणारं एक टेबल दिल्लीच्या दरबारी होतं, ते गेलं. आता राज्याने काय करायचं ते राज्याला ठरवता येईल. फ्रान्समध्ये ‘शाळा आणि सिनेमा’ नावाची योजना १९९४ पासून चालू आहे. प्राथमिक शाळेतली मुलं शाळेच्या वेळात, आपल्या शिक्षकांबरोबर, खऱ्या चित्रपटगृहात जाऊन चांगले चित्रपट पाहतात. त्यात जुने कृष्णधवल चित्रपट असतात, मूकपटही असतात. शिक्षकांना आधी तयार केलं जातं. नंतर वर्गात बोलणं होतं. परीक्षा नसते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आलेले आहेत, डिजिटल वर्ग झालेले आहेत. गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. शहरांत फिल्म सोसायट्या आहेत आणि त्यांचे सभासद पन्नाशीच्या पुढचे आहेत. संग्रहालय पुण्यात, फाळके नाशिकचे. यातलं काहीही बाहेरून आणायचं नाही. महिन्यातून एक शनिवार, दोन तास, एक भिंत, आणि पाट्या वाचून दाखवायला एक मास्तर किंवा बाई. अट एकच असावी, की चित्रपटानंतर मुलांकडून निबंध लिहून घ्यायचा नाही आणि बोध विचारायचा नाही. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी खरी उत्तरं द्यायची, ज्यात “करतो, कधी कधी” हेही उत्तर चालेल.

गेल्या महिन्यात मी त्याच मुख्याध्यापिकाबाईंना पुन्हा भेटलो. या वेळी ‘कालिया मर्दन’चं नाव काढलं. त्यांचा चेहरा खुलला. “कृष्णाचं आहे ना? मग दाखवा की, गोकुळाष्टमीच्या आधीच दाखवा.” मी त्यांना सांगितलं की यातही चोरी आहे, सूडही आहे, झोपलेल्या माणसाची दाढी बांधणं आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, “तो कृष्ण आहे हो.” मी म्हटलं, कृष्णाचं काम करणारी तुमच्या दुसरीच्या वर्गातल्या पोरींएवढी एक पोर आहे, नाशिकची. त्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते तुमचं जपानी पण आणून ठेवा बरोबर. वेळ उरला तर बघू.”

दोन्ही नेतोय. आधी मंदाकिनी, मग पाठीवर चिठ्ठी लावलेलं ते पोर.